टुर्फकाडेवरचा आघात

मी ठरवलं होतं की रविवारी कुणाचीही चूक काढायची नाही, आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. मुदत तरी अशी कितीशी होती? दुपारी बारा ते संध्याकाळी पावणेसहा. पावणेसहाला योरिंदेची, म्हणजे माझ्या मुलीची, परतीची गाडी. एवढा वेळ तोंड बंद ठेवणं म्हणजे काय डोंगर उचलणं आहे? आल्बरदीनने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडून चक्क हातावर हात मारून वचन घेतलं.

"तीन वर्षांनी पोर सणाला घरी येते आहे, लुबर्ट," ती म्हणाली. "ह्या वेळी बिनसलं तर पुन्हा यायची नाही. एक शब्द जरी सुधारलास ना, तर सूप मी तुझ्या डोक्यावर ओतीन."

"एकही नाही," मी म्हणालो. आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

आता मी असा काय गुन्हेगार, ते सांगतो. एकतीस वर्षं मी इथे झुत्फनमध्ये शाळेच्या पुस्तकांच्या एका छापखान्यात शब्द तोडायचं काम केलं. हसू नका. आमची डच भाषा शब्दाला शब्द जोडत सुटते. अग्निशमन, केंद्र, प्रमुख आणि त्याची टोपी, सगळं एका दमात, मध्ये सुईएवढी जागा न सोडता. असा शब्द ओळीच्या शेवटी आला की मावत नाही. मग तो तोडावा लागतो, आणि तोडायचा तो जोडावरच, जिभेला वाटेल तिथे नाही. 'आवोंदएतेन' म्हणजे संध्याकाळचं जेवण. जीभ म्हणते आवोन-देतेन. मी म्हणतो आवोंद-एतेन, कारण आवोंद म्हणजे संध्याकाळ, एतेन म्हणजे जेवण, आणि संध्याकाळचा तुकडा जेवणाच्या ताटात पडता कामा नये. तोडून झालं की आघात. जोडशब्दात बहुधा पहिल्या तुकड्यावर जोर द्यायचा, बाकीचे मागून निमूट येतात. ह्या 'बहुधा'वर माझं एकतीस वर्षं पोट भरलं.

माझं दुर्दैव असं की माझी एकुलती एक मुलगी रेडिओवर बातम्या द्यायला लागली. सकाळी आठच्या बातम्या संपल्या की आठ वाजून सहा मिनिटांनी मी तिला फोन करायचो आणि कुठल्या शब्दावर आघात घसरला ते सांगायचो. प्रेमाने सांगायचो हो. तिच्या तिसाव्या वाढदिवसाला मी तिला एक्केचाळीस शब्दांची यादी छान कातडी बांधणीत घालून दिली. सगळे पाहुणे गोल करून बसले होते, हातात केकची ताटली. तिने यादी उघडली, मिटली, ताटली खाली ठेवली. दोन महिन्यांत तिने मास्ट्रिख्टच्या रेडिओवर बदली घेतली. मास्ट्रिख्ट म्हणजे देशाचं दुसरं टोक. त्यापुढे फक्त बेल्जियम. तिथल्या रेडिओची लहर इथवर पोचत नाही हे तिने आधी विचारून घेतलं होतं, असं मला मागाहून कळलं. तेव्हापासून तीन वर्षं सिंटचा, म्हणजे डिसेंबरात भेटी वाटत फिरणाऱ्या संतबाबाचा, सण आम्ही दोघांनीच केला, आणि दोघांत सिंटचा सण म्हणजे निव्वळ सूप पिणं.

सणाची रीत साधी आहे. महिनाभर आधी चिठ्ठ्या पडतात. ज्याला ज्याचं नाव येईल त्याने त्याच्यासाठी एक भेट आणायची आणि एक कविता लिहायची. कवितेत त्या माणसाची वर्षभराची खोडी काढायची. खाली सही सिंटची. कविता ज्याची त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, हसायचं आणि "धन्यवाद, सिंट" म्हणायचं. कोणी लिहिली ते कोणी कधीही सांगायचं नाही. मेलं तरी नाही. माझ्या आजोबांच्या टकलावरची एक कविता १९६८ सालापासून आमच्या घरात बेवारस आहे.

ह्या वर्षी आम्ही सहा जण होतो. मी, आल्बरदीन, तिची आई खेशे, तिचा भाऊ वोल्टर, योरिंदे आणि योरिंदेचा तायमन. तायमन मास्ट्रिख्टचाच, दोन वर्षं तिच्याबरोबर राहतो, गोड बोलणारा, आम्हाला मात्र फक्त फोनवर ठाऊक. मला चिठ्ठी त्याचीच आली. मी चार ओळी सायकलवरच रचल्या आणि निवांत झालो.

मग एका मंगळवारी वोल्टर मागच्या दाराने आला. खिशातून घडी केलेला कागद काढला.

"दाजी, तुम्हाला ठाऊक आहे, मला लिहायचं अंग नाही. मला आईची चिठ्ठी आली आहे. जरा आघात तेवढे बघा ना. तुमच्याइतकं अख्ख्या झुत्फनमध्ये कोणाला कळतं?"

आता हे वाक्य ऐकून ज्याचा हात पुढे होणार नाही तो माणूस मला दाखवा. आणि वचन रविवारचं होतं, तो मंगळवार होता. वोल्टरची कविता खुरडत होती. मी ती चालती केली. अर्थाला बोटही लावलं नाही. फक्त आघात ठोकून बसवले, आणि त्यासाठी एखाददुसरा मऊ शब्द काढून जरा टणक शब्द घालावा लागला, इतकंच.

गुरुवारी सासूबाईंनी मला त्यांच्या वृद्धाश्रमातल्या खोलीत बोलावलं. कॉफी दिली, एक बिस्किट दिलं, डब्याचं झाकण लावलं.

"जावईबापू, दार लावा. मला आल्बरदीनची चिठ्ठी आली आहे. तिच्या स्वयंपाकावर लिहिलंय. पण म्हणताना अडखळायला होतं."

मी वाचलं. "आई, हे जरा झोंबेल."

"मी कुठे म्हणते आहे? सिंट म्हणतो आहे. तुम्ही फक्त ठेका बघा."

मी ठेका बघितला.

शनिवारी खुद्द आल्बरदीन माझ्यासमोर येऊन बसली. तिला वोल्टरची चिठ्ठी आली होती. मी म्हणालो, "अगं, सुधारायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"हे सुधारणं नाही, मदत आहे," ती म्हणाली. "आणि ती तिसरी ओळ जरा लागेल अशी कर. गेली सहा वर्षं आपली शिडी त्याच्याकडे आहे."

आणि सोमवारी मास्ट्रिख्टहून फोन आला. "काका, मी तायमन. योरिंदे आंघोळीला गेली आहे, पटकन बोलतो. मला तिची चिठ्ठी आली आहे. तुम्ही मदत करता असं वोल्टरमामा म्हणाले."

त्याने कविता वाचून दाखवली. पठ्ठ्याने रेडिओवर तिची जीभ कशी अडखळते त्यावरच लिहिलं होतं. मी म्हणालो, "बाबा रे, दुसरं काहीही घे. तिच्या स्वयंपाकावर लिही, तिच्या बुटांवर लिही."

"नाही काका, ती स्वतः हसते त्यावर. तुमच्यात जे आहे ते एकदाचं हसण्यावारी जाईल. मी मुद्दामच घेतलंय."

मी नाही म्हणायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याची दुसरी ओळ अशी लंगडत होती की माझ्याच्याने ऐकवेना. त्याला तो नेमका शब्दही आठवत नव्हता, 'कुठल्याशा आगीच्या बातमीत' असं काहीतरी मोघम होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्रांदवेअरकाझेर्ने. बंबखाना. जोर 'ब्रांद'वर हवा, तिने 'झेर'वर दिला. सहा फेब्रुवारी."

"वा काका," तायमन म्हणाला. "तारीखसुद्धा. मस्त बसेल."

बसली. मस्त बसली.

रविवार उजाडला. योरिंदे दारात उभी राहिली तेव्हा मी तिला तीनदा गालाला गाल लावून भेटलो आणि 'प्रवास कसा झाला' यापलीकडे एक अक्षर बोललो नाही. ती बारीक झाली होती. आल्बरदीनने तिचा कोट घेतला तो हातातच धरून ठेवला. सूप झालं, मसाल्याची बिस्किटं झाली, प्रत्येकाला आपापल्या नावाचं चॉकलेटचं अक्षर मिळालं. योरिंदे माझ्या शेजारी बसली. स्वतः होऊन बसली. तायमनने सुपाला 'एक नंबर' म्हटलं, त्यात त्याने आघात कुठे दिला ते मी ऐकलंच नाही. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग पोत्यातून पहिली भेट निघाली. सासूबाईंची. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं:

एकच बिस्किट, एकच कप, अन् झाकण बसले खट्,
दुसऱ्यासाठी हात पुढे तर आजी म्हणते हट्.

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "धन्यवाद, सिंट," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी वोल्टरकडे बघितलं. वोल्टर खिडकीबाहेर आयसल नदी बघत होता.

दुसरी आल्बरदीनची.

बटाट्याला सुटले पाणी, आयसलला आला पूर,
पालेभाजी बिचारी त्यातून वाहत गेली दूर.

आल्बरदीनच्या मानेवर लाल डाग उठले. तिला ते रागात उठतात. दर बुधवारी ती बटाट्यात पालेभाजी कुस्करून घालते, आणि दर बुधवारी ती खाणारा माणूस मी.

"तेहतीस वर्षं खातोय," ती हळूच म्हणाली. "एकदा तोंडावर सांगायचं."

"बायकोबद्दल असं लिहावं का माणसाने," सासूबाई म्हणाल्या. होय, सासूबाईच! वर मान हलवून उसासाही टाकला. मी त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी बघितलं की दगडाला पाझर फुटावा. त्यांनी शांतपणे चॉकलेटच्या अक्षराचा पाय मोडून तोंडात घातला.

वोल्टरचा कागद निघाला तोवर मला घाम फुटला होता.

ड्रिल नेले, शिडी नेली, नेला हातोडा,
परत कधी? तर वोल्टर म्हणतो, 'विषय आता सोडा'.

"दाजी," वोल्टर म्हणाला, "शिडी हवी होती तर मागायची. सणासुदीला चारचौघांत काढायची काय गरज होती?"

"मी काही..." मी म्हणालो.

"सिंटचं नाव विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं," आल्बरदीन घाईघाईने म्हणाली आणि चहा ओतायला उठली. सगळ्यांचे कप भरलेलेच होते.

योरिंदे इतका वेळ डोकं एका बाजूला कलवून ऐकत होती. पोर रेडिओत आहे, कान माझाच आहे. "तिन्ही एका हातच्या आहेत," ती म्हणाली. "एकसुद्धा आघात इकडचा तिकडे नाही. असं लिहिणारा आपल्या घरात एकच माणूस आहे." ती हे हसत म्हणाली, पण ते हसू बातमीच्या आधीचं होतं. मग तिने स्वतःचा कागद उघडला. मी डोळे मिटले.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला आग लागली गावात,
बंब पोचला, योरिंदे मात्र अडकली त्याच्या नावात.

कोणी हसलं नाही.

"सहा फेब्रुवारी," योरिंदे म्हणाली. "मास्ट्रिख्टची लहर इथे येत नाही."

"इंटरनेटवर येते," मी म्हणालो. काय करणार, विचारलं की उत्तर द्यायची सवय.

"म्हणजे तुम्ही अजून ऐकता. रोज. आणि लिहून ठेवता."

तायमनचा चेहरा पांढरा पडला. त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सासूबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "ह्या घरात सिंटचं गुपित कोणी फोडत नाही. बाहेरून आलेल्यांनी तर नाहीच नाही." तायमनने तोंड मिटलं. बिचाऱ्याचा पहिलाच सण होता.

मला तेव्हा खरंच रडू येत होतं. चार कविता, चौघांचं विष, आणि माझं काय, तर ठेका. पण बोलायची सोय नाही. तायमनने मी त्याच्यावर लिहिलेली कविता वाचली, ती कोणी ऐकलीसुद्धा नाही. मग पोत्यात शेवटचा कागद उरला, तो माझा.

मी तो उघडला आणि पहिल्या नजरेतच माझा जीव कासावीस झाला. ओळी नव्हत्या त्या, अपघात होता. एक ओळ हातभर, एक वीतभर. पण वचन म्हणजे वचन. मी दात आवळून वाचायला लागलो.

बाबांचे कान फार तीक्ष्ण आहेत असं सिंट ऐकून आहे
म्हणून तो ही कविता घाबरत घाबरत पाठवत आहे
वसंतात टुर्फकाडेच्या चौदा नंबरच्या घरात दोन माणसं राहायला येणार आहेत
आणि त्यांना रविवारी सूप कुठे मिळतं ते कुणीतरी सांगायला हवं आहे

तिसऱ्या ओळीत 'टुर्फ'खाली पेनाने रेघ मारलेली होती. म्हणजे जोर तिथे द्यायचा. टुर्फकाडे हा आमच्या गावातला जुना धक्का, घरापासून सायकलने सहा मिनिटं. त्याचं नाव असं कोणी म्हणत नाही. चार तास मी गप्प होतो. चार तास! आणि त्या एका रेघेने बांध फुटला.

"काडे," मी म्हणालो.

"लुबर्ट," आल्बरदीन म्हणाली.

"नाही, एवढंच सांगतो. रस्त्याच्या नावात 'स्ट्राट', म्हणजे साधा रस्ता, असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर. पण काडे म्हणजे धक्का असेल, प्लाइन म्हणजे चौक असेल, खराख्ट म्हणजे कालवा असेल, लान म्हणजे झाडांचा रस्ता असेल, तर जोर मागच्या तुकड्यावर. टुर्फ-काडे. लोकांना वाटतं सगळे जोडशब्द सारखेच. तसं नाही. आता बघा..." मी चमचा घेतला आणि कपावर ठेका धरून दाखवला. हलका, जड, हलका. मग दुसऱ्या तीन रस्त्यांची उदाहरणं दिली. मग, कोणी अडवत नाही असं बघून, चौथंही दिलं.

मग चमचा खाली ठेवला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता, "त्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. मनातल्या मनात, एकदा. मग पुन्हा. मग मी योरिंदेकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"शुक्रवारी सह्या केल्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी भेट म्हणून ही बातमीच आणली होती. मला इकडच्या रेडिओवर पुन्हा नोकरी मिळाली आहे. घर घेतल्यावर विचार बदलायला तीन दिवस देतात, मध्ये शनिवार-रविवार आल्यामुळे मंगळवारपर्यंत मुदत आहे. अजून बदलता येतो."

इथे शहाण्या माणसाने तिला जवळ घेतलं असतं. मी म्हणालो, "योरिंदे, अगं, त्या कविता मी लिहिलेल्या नाहीत. एकही नाही. मी फक्त सुधारल्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. तुझी सोडून."

मी हे माझा निर्दोषपणा सिद्ध करायला म्हणालो होतो. समोर वोल्टर, सासूबाई आणि आल्बरदीन एकाच वेळी आपापल्या ताटलीत बघायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एका वाक्यात १९६८ पासूनची घराची रीत मोडली आणि बायकोला दिलेलं वचनही मोडलं. तायमन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बंबाची माझी होती." योरिंदे त्याच्याकडे वळली. "आणि तारीख?" ती म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघितलं.

ते पावणेसहाच्या गाडीने नाही, पावणेपाचच्या गाडीने गेले. आल्बरदीनने सूप माझ्या डोक्यावर ओतलं नाही. तिने ते ओट्यावरच राहू दिलं आणि माहेरच्या आल्बममध्ये डोकं घालून बसली, ते मला जास्त लागलं. वोल्टरने सोमवारी सकाळी शिडी आणून दारात ठेवली. घंटासुद्धा वाजवली नाही.

मंगळवारी मी दिवसभर फोनसमोर बसून होतो. आठच्या बातम्या लावल्या नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा. काय सांगू, त्या दिवशी तिने सगळेच्या सगळे आघात उलटे दिले असते तरी मी मिठाई वाटली असती. बुधवारी दुपारी आल्बरदीनला निरोप आला. त्यांनी विचार बदलला नव्हता. घर घेतलं! मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो आणि त्या दिवशीच्या बटाट्याच्या दोन ताटल्या खाल्ल्या, पाण्यासकट.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते राहायला आले. मी फोन केला, म्हटलं, "येऊ का गं चहाला?" योरिंदे म्हणाली, "थांबा हं बाबा, डायरी बघते." आता डायरी आम्ही सगळेच बघतो, न सांगता कोणाच्या दारात उभं राहायची पद्धत आमच्यात नाही, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. "अठ्ठावीस मे," ती म्हणाली. "तीन ते साडेचार."

मी लिहून घेतलं.

तोवर मी रोज टुर्फकाडेवरून सायकलने जातो. वाटेवर आहे असं मी आल्बरदीनला सांगतो. ती 'कशाच्या?' असं विचारत नाही, हा तिचा चांगुलपणा. थांबत नाही मी, फक्त जरा हळू चालवतो. धक्क्यावरची सगळी घरं तळमजल्याला मोठ्या काचांची, आणि ह्या देशात पुढच्या खोलीला पडदे लावायची पद्धत नाही. घरात लपवण्यासारखं काही नाही हे शेजाऱ्यांना दिसायला हवं ना. त्यामुळे ती दिसायची. कधी पेटी उघडताना, कधी तायमनशी बोलताना, कधी नुसतीच कॉफीचा कप घेऊन उभी. एकदा तिने हात केला. मी इतका खूष झालो की चौकातल्या खांबाला धडकता धडकता वाचलो.

गेल्या सोमवारी त्यांनी पडदे बसवले.